दुसरे इंजिन म्हणजे स्टेपनी नव्हे : पायपर ट्विन कोमांचीसोबतची सात वर्षे

आम्ही तिघांनी मिळून १९६६ सालचे पायपर पीए-३० ट्विन कोमांची विकत घेतल्याचे मी साताऱ्याला फोनवर सांगितले, तेव्हा एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलेल्या अण्णांनी किंमत विचारली नाही. "दोन इंजिनं कशाला रे?" एवढेच त्यांनी विचारले. "एक बंद पडलं तर दुसऱ्यावर येता येतं, अण्णा." "म्हणजे स्टेपनी म्हण की," ते म्हणाले, आणि मी हो म्हणून विषय संपवला. त्या होकाराला आता सात वर्षे झाली. या काळात मी हे विमान ६४० तास उडवले, त्यातली २३ मिनिटे खरोखरच एका इंजिनावर, आणि तो होकार चुकीचा होता असे माझे ठाम मत झाले आहे. विमान मात्र चांगले आहे, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी हेच घेईन. हलके दुहेरी इंजिनाचे विमान घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी वैमानिकांना या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात ते कळावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

मी या विमानाच्या वाटेला गेलो तो अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरामुळे. आमचे हँगर सरोवराच्या पूर्व काठाला, मस्केगनजवळ आहे. थोरली बहीण समोरच्या काठाला, मिलवॉकीत राहते. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८० मैल आहे आणि ते जवळजवळ सगळे पाण्यावरचे आहे. पूर्वी माझ्याकडे एका इंजिनाचे पायपर चेरोकी होते. तशा विमानाचे इंजिन थांबले तर ते दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेदोन साधे मैल, तरंगत जाते. ९,००० फुटांवरून निघालो आणि सरोवराची पातळीच समुद्रसपाटीपासून ५८० फुटांच्या आसपास आहे हे वजा केले, तर दोन्ही काठांलगतचे चौदा-पंधरा मैल सोडून मध्ये पन्नासेक मैलांचा असा पट्टा उरतो की जेथून कोणताच काठ गाठता येत नाही. चेरोकीच्या वेगाने तो ओलांडायला वीस-बावीस मिनिटे लागत. जुलैमध्ये ते पाणी पोहण्याजोगे असते. नोव्हेंबर ते मे या काळात त्यात पडलेल्या माणसाकडे फार थोडा वेळ असतो. त्या बावीस मिनिटांत इंजिनाचा आवाज दर वेळी बदलल्यासारखा वाटतो, हे सरोवर ओलांडणारा कोणीही वैमानिक सांगेल. शिकागोवरून काठाकाठाने वळसा घातला तर अंतर दुपटीहून अधिक होते. तीन हिवाळे मी तो वळसा घातला आणि मग दुसऱ्या इंजिनाच्या शोधाला लागलो.

ट्विन कोमांचीचा जन्म काटकसरीतून झालेला आहे. पायपरचे एका इंजिनाचे कोमांची आधीपासून बाजारात होतेच. त्याच्या नाकातले इंजिन काढून पंखांवर १६० अश्वशक्तीची दोन लायकॉमिंग आयओ-३२० इंजिने बसवण्याची करामत टेक्सासचे अभियंता एड स्वेअरिंजन यांनी केली, आणि १९६३ पासून पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवन येथे ही विमाने बाहेर पडू लागली. दोन हजारांहून अधिक विमाने तयार झाल्यावर जून १९७२ मध्ये ॲग्नेस चक्रीवादळाच्या पावसाने सस्क्वेहॅना नदीला पूर आला, कारखाना पाण्याखाली गेला, साचे आणि हत्यारे वाया गेली, आणि कोमांचीची सगळी जात तेथेच संपली. म्हणजे आज मिळणारे सर्वांत तरुण ट्विन कोमांचीसुद्धा पन्नाशी ओलांडलेले आहे. तरीही हे विमान काय करू शकत होते याची एक साक्ष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६४ च्या डिसेंबरात वैमानिक मॅक्स कॉनराड यांनी जादा टाक्यांनी भरलेले ट्विन कोमांची केपटाउनहून निघून कोठेही न थांबता फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गला उतरवले. अंतर ७,८०० मैलांहून अधिक होते. तेही या दोन लहानशा इंजिनांवर.

कॉनराड यांच्याइतके नाही, तरी या काटकसरीचा प्रत्यय आम्हालाही रोज येतो. आठ हजार फुटांवर ६५ टक्के शक्ती लावली की आमचे विमान १५८ नॉटने (ताशी १५८ सागरी मैलांनी) जाते आणि दोन्ही इंजिने मिळून तासाला साडेसोळा गॅलन पेट्रोल पितात. चेरोकी १२० नॉटला दहा गॅलन घेत असे. हिशेब केला तर मैलामागे पेट्रोल पाव पटीने वाढले, वेळ मात्र चांगलाच वाचला. याच वेगासाठी दुसऱ्या अनेक ट्विनना वीस-बावीस गॅलन मोजावे लागतात. मुख्य टाक्यांत तीस-तीस गॅलन आणि सहायक टाक्यांत पंधरा-पंधरा असे ९० गॅलन बसतात, त्यांपैकी ८४ वापरता येतात, आणि सहायक टाक्या फक्त सरळ, समतल उड्डाणातच वापरायच्या असतात. टाक्या बदलण्याच्या खिट्ट्या पुढच्या दोन आसनांच्या मध्ये जमिनीवर आहेत. अंधारात खाली वाकून त्या फिरवणे हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. दोन इंजिने असूनही दोन्ही एकदम थांबवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चुकीची टाकी, म्हणून आमच्याकडे खिट्टीला हात लावण्यापूर्वी टाकीचे नाव मोठ्याने उच्चारायचा नियम आहे.

आतली जागा चौघांची आहे. आमच्या विमानाला मागे आणखी दोन बाके लावता येतात, पण ती लहान मुलांची आहेत आणि आमच्या घरातली मुले आता सहा फुटांची झाली. टाक्या काठोकाठ भरल्या की माणसे आणि सामान मिळून सव्वातीनशे किलोंच्या आत राहावे लागते. पंचाहत्तर किलोंची चार माणसे बसवली तर सामानाला पंचवीस किलोही उरत नाहीत, आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा कशा असतात हे मी वाचकांना सांगायला नको. पण मिलवॉकीला जायला टाक्या अर्ध्याच लागतात, त्यामुळे ही अडचण कागदावर जितकी दिसते तितकी रोजच्या वापरात जाणवत नाही.

हिवाळ्यात नाकातला पेट्रोलवर जळणारा हीटर हेच या विमानाचे खरे हृदय असते. उतरल्यावर तो बंद करून दोन-तीन मिनिटे नुसता पंखा चालू ठेवावा लागतो. घाईत ते विसरले की तो तापून स्वतःचे संरक्षक बटन उडवतो, आणि ते बटन पुन्हा दाबायला उणे पंधरा अंशांत बाहेर उभे राहून नाकाचे झाकण उघडावे लागते. उन्हाळ्यात याच्या उलट खोड आहे. पेट्रोल भरायला वीस मिनिटे थांबलो की गरम इंजिनांच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते आणि ती सुरू व्हायला कुरकुर करतात. चेतक आडवी करून मग किक मारणाऱ्या पिढीत मी वाढलो, त्यामुळे यंत्राची मनधरणी करण्याचे मला वावडे नाही. परंतु डावे सुरू झाले आणि उजवे रुसले, तोपर्यंत डावेही तापू लागले, असा प्रसंग ऑशकॉशच्या जुलैतल्या विमान-जत्रेत शेकडो लोकांसमोर आला की घाम फुटतो.

उतरताना हे विमान कोणाचीच भीड ठेवत नाही. जमिनीवर त्याची बैठक अशी आहे की धावपट्टीवर टेकल्यानंतरही पंख उचल देतच राहतो. वेग पाच-सात मैलांनी जास्त असला तर ते धावपट्टीवरून तरंगत राहते, कमी असला तर शेवटचे दोन फूट गोणी टाकल्यासारखे खाली येते. सातव्या वर्षीही माझ्या दहा उतरणींपैकी दोन अशा असतात की मागे बसलेली पत्नी काही न बोलता पर्समधली वस्तू शोधू लागते. माझा एक भागीदार, जो निवृत्त दंतवैद्य आहे, म्हणतो की रुग्णाला 'आता थोडे दुखेल' असे आधी सांगावे तसे प्रवाशांना सांगून टाकावे.

आता मूळ मुद्दा. दोन इंजिनांपैकी एक गेले तर शक्ती निम्मी होते हे खरे, पण चढण्याची क्षमता निम्म्यावर थांबत नाही, त्याहून कितीतरी अधिक घटते, कारण विमान तरंगत ठेवायलाच शक्तीचा मोठा भाग खर्च होत असतो आणि चढाई होते ती उरलेल्या शक्तीवर. ट्विन कोमांचीच्या पुस्तकात पूर्ण वजनावर दोन्ही इंजिनांनी मिनिटाला १,४६० फूट चढाई दिली आहे. एका इंजिनावर ती २६० फूट. म्हणजे ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षमता गेली. आणि हे २६० फूट समुद्रसपाटीवर, थंड हवेत, नव्या विमानाचे, चाके आत घेतलेली, बंद इंजिनाचे प्रॉपेलर फेदर केलेले (म्हणजे वाऱ्याला अडवू नयेत म्हणून पाती कडेवर वळवलेली), हात स्थिर असलेल्या कंपनीच्या चाचणी-वैमानिकाने मिळवलेले आहेत. चाके खाली आणि प्रॉपेलर वाऱ्याने फिरत असेल तर चढाई सोडाच, विमान खालीच येते. माझा भाचा उत्तर प्रदेशातील फुरसतगंजच्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थेत डायमंड डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानावर शिकला आणि आता प्रवासी जेटचा सहवैमानिक आहे. त्याला हे ऐकून नवल वाटले, कारण त्याच्या विमानाला एक इंजिन गेल्यावरही ठरावीक उताराने चढून दाखवल्याशिवाय प्रमाणपत्रच मिळत नाही. ज्या जुन्या अमेरिकी नियमांखाली हलकी ट्विन प्रमाणित झाली, त्यांत ६,००० पौंडांखालच्या आणि मंद वेगाने उतरू शकणाऱ्या विमानांना अशी सक्तीच नव्हती. त्यांनी एका इंजिनावर काय होते ते मोजून नोंदवायचे, एवढेच. नोंद उणे आली तरी चालत असे. विमान विकणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलेले नाही.

म्हणूनच प्रत्येक उड्डाणापूर्वी, शेजारी कोणी असो वा नसो, मी धावपट्टीच्या तोंडाशी थांबून मोठ्याने आणि मराठीत बोलतो: "जमिनीवर काही झालं तर दोन्ही थ्रॉटल मागे, ब्रेक. हवेत आणि चाकं खाली असतील तर दोन्ही थ्रॉटल मागे, समोरच उतरायचं. चाकं वर आणि निळी रेघ गाठली असेल, तरच उडत राहायचं." निळी रेघ म्हणजे वेगमापकावरची ताशी १०५ मैलांची खूण, एका इंजिनावर सर्वोत्तम चढाई देणारा वेग. वाक्ये अगदी साधी आहेत. परंतु डोक्यात आधी मराठीत ठरलेली गोष्ट हाताला इंग्रजीपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे, आणि माझ्या अमेरिकी प्रशिक्षकालाही आता 'चाकं वर' हे शब्द पाठ झाले आहेत.

निळ्या रेघेखाली एक लाल रेघ असते, आणि ट्विन कोमांचीची बदनामी झाली ती या लाल रेघेपायी. एक इंजिन पूर्ण जोरात आणि दुसरे बंद असेल तर विमान बंद इंजिनाकडे वळू पाहते. रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने, ते सरळ ठेवायचे, पण वेग फार कमी झाला की रडरमध्ये तेवढा जोर उरत नाही. ज्या वेगाखाली हे घडते तो किमान नियंत्रण-वेग. दोन्ही प्रॉपेलर एकाच दिशेने फिरत असल्याने डावे इंजिन जाणे हे उजवे जाण्यापेक्षा वाईट. साठच्या दशकात शिकवताना हा वेग मुद्दाम कमी उंचीवर दाखवण्याची पद्धत होती. त्यात दोन गोष्टी एकत्र येत. उंची वाढेल तशी इंजिनाची शक्ती घटते, म्हणून नियंत्रण-वेग खाली सरकतो. पंखांची उचल संपण्याचा वेग मात्र वेगमापकावर जिथल्या तिथे राहतो. एका ठरावीक उंचीवर दोन्ही वेग एकमेकांना भेटतात, आणि तेथे विमानाचा तोल एका इंजिनाच्या जोरात सुटला तर ते गिरकी घेते. ट्विन कोमांचीचा गुळगुळीत पंख हे घडण्यापूर्वी फारशी सूचना देत नाही. शिकाऊ उड्डाणांत अशा अपघातांनी माणसे गेल्यावर लाल रेघ ताशी ८० मैलांवरून ९० वर नेण्यात आली, आणि १९७० मध्ये उलट-सुलट फिरणाऱ्या प्रॉपेलरचे पीए-३९ आले, ज्यात वाईट बाजूचे इंजिन असा भेदच उरला नाही. पूर येण्यापूर्वी अशी दीडशेच्या आसपासच विमाने झाली, त्यामुळे पीए-३९ विक्रीला आले की किंमत चढी असते. मला ती किंमत रास्त वाटते.

मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मिलवॉकीहून परतताना, ७,००० फुटांवर, सरोवराच्या जवळजवळ मध्यावर डाव्या इंजिनाच्या तेलदाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आलेला दिसला. उजव्याचा होता तेथेच होता. दोन मिनिटांत डाव्याचा काटा पट्ट्याबाहेर गेला आणि तेलाचे तापमान वर जाऊ लागले. पत्नी मागे झोपली होती. इंजिन अजून निर्धोक आवाजात चालत होते, आणि चालते इंजिन आपल्या हाताने बंद करणे किती जड जाते हे ज्याने केले नाही त्याला समजावणे अवघड आहे. पण तेल संपून ते अडकले तर हानी वाढणार होती, आणि फेदर करायचे तर इंजिन फिरते आहे तोवरच करायला हवे होते, कारण फेऱ्या फार खाली गेल्या की प्रॉपेलरमधल्या खिट्ट्या अडकतात आणि पाती वाऱ्याला आडवीच राहतात. मी डावा थ्रॉटल मागे घेतला, पुन्हा एकदा तेलाचे दोन्ही काटे बोट ठेवून वाचले, डाव्या प्रॉपेलरचा दांडा मागे ओढला आणि पेट्रोल तोडले. पाती दोन-तीन वेळा फिरून थांबली. खिडकीबाहेर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, न हलणारे प्रॉपेलर काळ्या पाण्यावर उभे असलेले पाहणे हे दृश्य मला आजही झोपेत दिसते.

विमान वागले मात्र पुस्तकासारखे. दोनच माणसे आणि निम्मे पेट्रोल असल्याने ते हलके होते. वेग ताशी ११० मैलांवर आला आणि उंची ६,४०० फुटांवर स्थिरावली. गडबडलो तो मी. डावे इंजिन बंद, म्हणून उजवा पाय रडरवर घट्ट रोवलेला होता, आणि चार-पाच मिनिटांनी तो पाय शिलाई यंत्रासारखा थरथरू लागला तेव्हा कुठे आठवले की रडरला पायाच्या जोराशिवाय वळलेल्या स्थितीत धरून ठेवणारी ट्रिम नावाची सोय असते. ती फिरवल्यावर पाय मोकळा झाला. नियंत्रकाने मस्केगनची लांब धावपट्टी मोकळी करून ठेवली. एका इंजिनावर कमी उंचीवरून पुन्हा वर उठण्याचा प्रयत्न करायचा नाही हे आधीच ठरलेले असल्यामुळे धावपट्टी हाताशी आल्याची खात्री पटेपर्यंत चाके काढली नाहीत. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत मऊ उतरण होती, आणि पत्नी जागी झाली ती अग्निशामक गाडीच्या दिव्यांनी.

त्या संध्याकाळपुरते दुसऱ्या इंजिनाने आपले सगळे पैसे फेडले, असे कोणालाही वाटेल, आणि मलाही चार दिवस तसेच वाटत होते. मग मेकॅनिकने झाकण उघडून दाखवले. तेल थंड करणाऱ्या जाळीकडे जाणाऱ्या नळीचा नट केवळ हाताने फिरवून सोडलेला होता. पाना त्याला लागलाच नव्हता. अकरा उड्डाण-तासांपूर्वी एका कार्यशाळेत वार्षिक तपासणी झाली होती, तेव्हाच ही नळी बदललेली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, बिलात मात्र एक डॉलरही सोडला नाही. चेरोकीत असा नट एक असता. येथे दोन आहेत, इंधन फवारणाऱ्या दोन यंत्रणा आहेत, ठिणगी देणारे चार मॅग्नेटो आहेत, आणि कोणी तरी विसरण्याची संधी प्रत्येक ठिकाणी दुप्पट आहे. सरोवराच्या मध्यावर हलक्या विमानात झालेला बिघाड मी निभावला. तोच नट जुलैच्या दुपारी, चौघे जण बसलेले असताना, तीनशे फुटांवर सुटला असता तर हा लेख वेगळ्या माणसाने लिहिला असता. स्टेपनी गाडीच्या मागे गप्प पडून असते. बिघडायला ती आपण होऊन दुप्पट संधी आणत नाही, आणि ती लावताना गाडी उलटत नाही.

अण्णांना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी देवाचे नाव घेतले नाही. "नटाला खूण केलेली नव्हती?" असे विचारले. आवळलेल्या नटावर रंगाची रेघ मारायची, म्हणजे सुटला तर रेघ तुटलेली दिसते, ही त्यांच्या डेपोतली शिस्त. आता आमच्या दोन्ही इंजिनांत नारिंगी रेघा आहेत आणि उड्डाणापूर्वी टॉर्च घेऊन आम्ही त्या मोजतो.

खर्चाचे बोलायचे तर विमान आम्ही ९०,००० डॉलरना घेतले आणि त्या आकड्याने आमची फसवणूक झाली, कारण खरा आकडा नंतरचा असतो. हँगर आणि विमा मिळून वर्षाला नऊ हजार. वार्षिक तपासणी एखाद्या वर्षी सहा हजारांत होते तर एखाद्या वर्षी अकरा. चाके वर ओढायला मदत करणारे रबरी बंजी दर ५०० तासांनी किंवा तीन वर्षांनी बदलावे लागतात, आणि चाकांच्या सांध्यांची सविस्तर तपासणी वेगळी सक्तीची आहे. ती टाळलेले विमान विक्रीला आले तर किंमत कितीही गोड असो, वाटेला जाऊ नये. इंजिनांची शिफारस केलेली आयुर्मर्यादा २,००० तास आहे. एकाच्या फेरबांधणीचा दर आम्हाला चाळीस हजारांच्या आसपास सांगितला गेला, आणि दोन्ही एकाच काळात बसवलेली असली तर दोन्ही एकाच काळात दारात उभी राहतात. विमा कंपनीने सुरुवातीला प्रशिक्षकासोबत पंधरा तासांची अट घातली, ती तेव्हा जाचक वाटली होती. अमेरिकेत एका इंजिनाचा परवाना असणाऱ्याला दोन इंजिनांची परवानगी मिळवायला किमान तासांची अट नाही आणि लेखी परीक्षाही नाही. एका लांब सप्ताहान्तात लोक ती घेऊन येतात. त्या पंधरा तासांशिवाय मी नोव्हेंबरात काय केले असते, याचा विचार मी करत नाही.

पर्यायांची चौकशी आम्हीही केली होती. बीचक्राफ्ट बॅरन हे अधिक वेगवान, अधिक प्रशस्त आणि हाताला राजेशाही वाटणारे विमान आहे, पण तासाला चोवीस-पंचवीस गॅलनची त्याची भूक तिघांच्या खिशाला परवडणारी नव्हती. पायपर सेनेकाला सहा जण खरोखर बसवणारे मागचे दार आहे आणि प्रॉपेलर उलट-सुलट फिरणारे आहेत. नियंत्रण जड, उतरणी सोप्या. कुटुंब मोठे असेल तर ट्विन कोमांचीऐवजी सेनेकाच घ्यावे, असे मी सांगेन. डायमंड डीए-४२ ची डिझेल इंजिने जेटचे इंधन पितात, तेही फार थोडे, आणि एकच दांडा पुढे-मागे करायचा असल्याने इंजिन गेल्यावर वैमानिकाची धावपळ वाचते. परंतु नवे घ्यायचे तर दहा लाख डॉलरच्या पुढची भाषा आहे. शिवाय ४ मार्च २००७ रोजी जर्मनीतील श्पायर येथे काय घडले ते विसरू नये. बॅटरी उतरलेल्या डीए-४२ ची इंजिने बाहेरच्या विजेवर सुरू करून उड्डाण केले, चाके आत घेण्याच्या क्षणी विजेचा दाब कोसळला आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकाच वेळी गळाठले. दोन्ही प्रॉपेलर बंद. त्यानंतर ती यंत्रणा सुधारण्यात आली, पण दोन इंजिनांच्या मागे एकच दुबळा धागा असू शकतो हे त्या एका उड्डाणाने दाखवून दिले.

आणि बर्फ. मिशिगनच्या हिवाळ्यात सरोवरावरून येणारे ढग विमानाच्या पंखांवर बर्फ चढवतात, आणि आमच्या विमानावर तो काढण्याची मान्यताप्राप्त सोय नाही. दोन इंजिने बर्फाला भीक घालत नाहीत असे मानणारा एक ओळखीचा गृहस्थ एकदा डिसेंबरात निघाला आणि वीस मिनिटांत परत आला, चेहऱ्याचा रंग उडालेला. जानेवारी-फेब्रुवारीत आमचे विमान पुष्कळदा हँगरमध्येच असते. कोलोरॅडोच्या डोंगरांकडेही आम्ही ते नेत नाही. ९,९३४ फुटांवरच्या लेडव्हिलसारख्या विमानतळावर या विमानाचे दुसरे इंजिन उतार थोडा सौम्य करण्यापलीकडे काही देऊ शकत नाही. पाणी, रात्र आणि सपाट प्रदेश, एवढ्यासाठी ते उत्तम आहे. वर्षाला शंभरेक तास उडणार नसाल, किंवा दर तीन महिन्यांनी प्रशिक्षकाला शेजारी बसवून एक इंजिन बंद करवून घेण्याची तयारी नसेल, तर एका इंजिनाचे चांगले विमान घ्यावे आणि शिकागोवरून वळसा घालावा.

दंतवैद्य भागीदार या वसंतात पंचाहत्तरीचा होईल. विमा कंपनीने त्याचा हप्ता असा वाढवला की त्याने आपला तिसरा हिस्सा सोडायचे ठरवले आहे. आतापर्यंत चौघे जण विमान पाहून गेले. तिघांनी वेग विचारला. चौथी एक तरुण परिचारिका होती. ती झाकण उघडायला सांगून बराच वेळ आत वाकून पाहत राहिली, आणि मग म्हणाली की नारिंगी रेघा उजव्या इंजिनात एकोणीस आहेत आणि डाव्यात अठराच का. वीस मिनिटे शोधल्यावर ती रेघ सापडली, तेलाच्या ओघळाखाली झाकलेली. पुढच्या शनिवारी तिला घेऊन सरोवरावर जायचे आहे.